लहान मुलांचा ताप: घरी काय करायचं, दवाखान्यात कधी पळायचं

पाऊसवेडी (धागाकर्ती)

पावसाळा लागला की पाळणाघरातून एकेक मूल फणफणून घरी येतं. मग पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "ताप आलाय, काय देऊ?" असं कुणीतरी विचारतं आणि जितके फोन तितके सल्ले येतात. सगळी माहिती एका जागी सापडावी म्हणून हा धागा काढतेय.

आमचं सध्याचं चित्र असं. मुलगा पावणेदोन वर्षांचा, वजन ११ किलो. काल रात्रीपासून ताप, काखेत १०१.८. आज सकाळी डॉक्टरांना दाखवलं. घसा थोडा लाल, छाती साफ, कान ठीक. "व्हायरल आहे, पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजत राहा" इतकंच म्हणाले. औषध दिलं की तासाभरात खेळायला लागतो, चार-पाच तासांनी परत तापतो. सासूबाई म्हणतात स्वेटर घाला, नवरा म्हणतो पंखा लावून ओल्या पट्ट्या ठेवू. ताप परत चढतोय म्हणजे औषध लागू पडत नाही का? १०३ च्या वर गेला तर डोक्यात जातो म्हणतात, ते खरं का? आणि तो काहीच खात नाहीये, याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे.

स्टेथो

मी बालरोगतज्ज्ञ आहे, सोलापूर भागात प्रॅक्टिस करतो. मूल न तपासता निदान सांगणार नाही, पण तुमचे प्रश्न प्रत्येक घरात विचारले जातात म्हणून सविस्तर लिहितो.

ताप हा आजार नाही, ते शरीराने आजाराला दिलेलं उत्तर आहे. जंतू शिरले की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र आपली पातळी वर नेऊन ठेवतं आणि शरीर तिथपर्यंत पोचायची धडपड करतं. म्हणून ताप चढताना हातपाय गार पडतात, मूल कुडकुडतं, पण कपाळ आणि पोट भाजत असतं. पॅरासिटामॉल ही पातळी चार ते सहा तासांपुरती खाली आणतं. जंतूंवर त्याचा काही परिणाम होत नाही. अंमल उतरला की ताप पुन्हा दिसणारच. व्हायरल तापात हे तीन-चार दिवस चालतं. औषध लागू पडत नाही असा त्याचा अर्थ नाही.

"ताप डोक्यात जातो" ही भीती फार खोल रुजलेली आहे. मेंदूला इजा होण्यासाठी तापमान १०८ च्या आसपास जावं लागतं. साध्या संसर्गात शरीर स्वतःच त्याच्या बरंच खाली थांबतं. उन्हात बंद गाडीत राहिलेल्या मुलाचं तापमान वाढणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, तिथे हे लागू नाही. १०३ चा आकडा बघून पोटात गोळा येतो हे मला कळतं. पण १०३ ताप असलेलं आणि औषधानंतर हसणारं मूल मला १०० ताप असलेल्या, मान टाकून पडलेल्या मुलापेक्षा कितीतरी कमी काळजीचं वाटतं. थर्मामीटरकडे एकदा बघा, मुलाकडे दहादा बघा. तुमचा मुलगा औषधानंतर खेळतोय, ही या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची बातमी आहे.

मोजण्याबद्दल. डिजिटल थर्मामीटर घ्या. मुलाला मांडीवर पाठमोरं बसवा, काखेतला घाम रुमालाने टिपा, टोक बरोबर खळग्यात टेकवा आणि दंड अंगाशी धरून बीप वाजेपर्यंत थांबा. काखेतलं माप आतल्या तापमानापेक्षा अर्धा ते एक डिग्री फॅरनहाइट कमी येतं. त्यात मनाने भर घालू नका, "काखेत इतका" एवढंच डॉक्टरांना सांगा. कपाळासमोर धरायची बंदूक पंख्याखाली, घामावर काहीही दाखवते.

पाऊसवेडी

खूप धन्यवाद डॉक्टर. डोस किती द्यायचा ते जरा समजावून सांगाल का? आमच्या चिठ्ठीवर ७ मिली लिहिलंय. नणंद म्हणते तिच्या मुलीला तेवढ्याच वयात साडेतीन मिली द्यायचे.

केमिस्ट सांगली

डॉक्टरांच्या आधी मीच लिहितो, कारण काउंटरवर रोज हाच घोळ निस्तरतो.

दोन्ही डोस बरोबर असू शकतात! पॅरासिटामॉल वजनावर देतात. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. ११ किलोला १५ च्या हिशेबाने १६५ मिलिग्रॅम. आता बाटली बघा. एका सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असतं, म्हणजे जवळजवळ ७ मिली लागणार. दुसऱ्या सिरपमध्ये ५ मिलीत २५० असतं, तिथे ३.३ मिलीत तोच डोस भरतो. आणि तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स सगळ्यात तीव्र, एका मिलीत १००. त्याचे दीड मिलीच पुरे.

धोका इथेच आहे. "आम्ही सात मिली देतो" हे डोक्यात बसलेलं असतं, घरात बाटली मात्र बदललेली असते. ड्रॉप्सचे ७ मिली दिले तर ७०० मिलिग्रॅम पोटात गेलं, चौपटीहून जास्त. जास्तीचं पॅरासिटामॉल लिव्हरवर जातं आणि पहिल्या दिवशी बाहेरून काही दिसतही नाही. म्हणून मिली पाठ करू नका. वजन आणि मिलिग्रॅम लक्षात ठेवा, बाटलीवरचं बारीक अक्षर दर वेळी वाचा. मोजायला सिरिंज वापरा, स्वयंपाकघरातला चमचा नको. ड्रॉप्सचा ड्रॉपर सिरपच्या बाटलीत घालू नका.

दोन डोसांत चार तासांचं अंतर हवंच, सहा असलं तर उत्तम. चोवीस तासांत चारच्या वर नको. आणि सर्दीचं जे सिरप घरात पडलेलं असतं त्याचं लेबल वाचा. पुष्कळदा त्यातही पॅरासिटामॉल असतं, म्हणजे नकळत दुप्पट होतं.

काकू डोंबिवलीच्या

आमच्या वेळी कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या आणि कोलन वॉटर हेच औषध होतं. दोन मुलं आणि चार नातवंडं वाढवली. रात्री कापराचं तेल छातीला आणि तळपायांना चोळलं की मूल शांत झोपायचं. सगळं जुनं चुकीचं होतं असं म्हणू नये.

खाण्याबद्दल सांगते. तापात जेवण कुणालाच जात नाही, मागे लागू नका. भाताची पेज मीठ आणि थोडं तूप घालून, मुगाचं कढण, आणि जरा बरं वाटलं की मऊ भात-मेतकूट. वाटीभर नको, दोन-दोन चमचे दर थोड्या वेळाने. आमच्याकडे तापात लंघन म्हणायचे, पण मुलांना पेज कधी बंद केली नाही.

स्टेथो

काकू, पेज आणि कढण याला माझा पूर्ण दुजोरा. मीठ, पाणी, थोडी साखर आणि पचायला हलकं, सगळंच त्यात आलं. दोन-तीन दिवस मुलाने भाजी-पोळी खाल्ली नाही तर काही बिघडत नाही, आजार उतरला की ते स्वतःच भरून काढतं. पाणी मात्र गेलं पाहिजे. अंगावर पीत असेल तर मागेल तितक्या वेळा पाजा. शू किती वेळा होते यावर लक्ष ठेवा. सहा-आठ तास डायपर कोरडा, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, असं झालं तर घरी थांबू नका.

कापराबद्दल मात्र हात जोडून विनंती. दोन वर्षांखालच्या मुलांना कापराचं तेल, कापराची वडी किंवा कापूर असलेला बाम काहीही नको. कापूर त्वचेतून आणि नाकातून आत जातो, आणि चुकून चाटला गेला तर अगदी थोड्यानेही झटके येऊ शकतात. उशाशी ठेवलेली कापराची पुरचुंडी मूल तोंडात घालतं, अशा केस बालरोग विभागात येतात. तुमच्या मायेबद्दल शंका नाही, वस्तू तेवढी बदलू या. साधं खोबरेल कोमट करून चोळा.

पट्ट्यांबद्दल. बर्फाचं पाणी, स्पिरिट, कोलन वॉटर नको. गार पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, मूल कुडकुडतं आणि आतली उष्णता आतच राहते. ताप फार असेल आणि मूल बेचैन असेल तर पॅरासिटामॉल दिल्यावर अर्ध्या तासाने कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने मान, काखा, जांघा पुसा. नुसत्या कपाळावर घडी ठेवून मोठा उपयोग नाही. मूल विरोध करत असेल तर सोडून द्या, रडून ताप आणखी चढतो. आणि स्वेटर की पंखा? हुडहुडी भरलेली असताना पातळ चादर, घाम सुटला की ती काढा, एक सुती कपडा पुरे. पंखा मंद चालू द्या.

लीड्सकर

इंग्लंडमध्ये तर पुसून काढायलाही सांगत नाहीत. इथल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की कोमट पाण्याने पुसणं नको, फार कपडे घालणं नको आणि पूर्ण उघडं ठेवणंही नको. औषधही मूल कासावीस असेल तरच द्यायचं, आकडा खाली आणण्यासाठी नाही. सुरुवातीला मला हे फार कोरडं वाटलं होतं. रात्री १११ या सरकारी आरोग्य हेल्पलाइनला फोन लावला की पलीकडची बाई आधी विचारते: बाळ तुमच्याकडे बघतंय का, किती ओले डायपर झाले, श्वास कसा चाललाय. ताप किती, हे नंतर.

बाटल्यांचा घोळ इथेही आहे. लहान मुलांचं १२० आणि सहा वर्षांपुढचं २५०. सुट्टीत भारतात येताना घेऊन येणाऱ्यांनी आजी-आजोबांना बाटलीवर मार्करने मिलिग्रॅम लिहून द्यावेत.

झुळूक

माझ्या मुलीला १४व्या महिन्यात तापात आकडी आली होती, म्हणून लिहितेय. त्या वेळी कुणी सांगितलेलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी अंग जरा गरम लागत होतं, इतकंच. मांडीवर असतानाच डोळे वर गेले, अंग ताठ झालं, मग हातपाय झटकायला लागले. ओठ निळसर. शेजारच्या बाई कांदा फोडून आणत होत्या, कुणी चप्पल हुंगवा म्हणत होतं, कुणी दातखीळ बसेल म्हणून चमचा आणला. खालच्या मजल्यावर एक परिचारिका राहतात, त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं. मुलीला जमिनीवर सतरंजीवर कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण सोडलं, तोंडातली लाळ बाहेर वाहू दिली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. बस, एवढंच. थोड्या वेळात थांबलं, मग ती गाढ झोपली. आम्ही लगेच दवाखान्यात गेलो.

तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. घट्ट दाबून धरायचं नाही. पुढे काय, ते डॉक्टर सांगतीलच.

स्टेथो

परिचारिकाबाईंनी केलं ते तंतोतंत बरोबर. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत शंभरातल्या दोन ते पाच जणांना तापात असे झटके येतात. बहुतेक पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात. त्याने बुद्धीवर परिणाम होत नाही आणि बहुतेकांना पुढे मिरगीही होत नाही. पाच मिनिटांच्या वर चालले, एका दिवसात पुन्हा आले, किंवा नंतर मूल शुद्धीवर येत नसेल तर १०८ ला फोन लावायचा, वाट बघायची नाही. पहिल्यांदा झटका आला असेल तर थांबला तरी त्याच दिवशी दाखवायचंच, कारण मेंदूज्वर नाही ना हे तपासावं लागतं. ज्यांना पुन्हा पुन्हा येतात त्यांच्या पालकांना नाकात मारायचा स्प्रे लिहून देतात, तो कसा वापरायचा हे दवाखान्यातच करून बघा.

एक गैरसमज दूर करतो. पॅरासिटामॉल वेळेवर दिलं म्हणून झटका टळतो असं नाही. त्यामुळे ज्यांच्या मुलांना झटका आला त्या आईवडिलांनी "आपण औषध द्यायला उशीर केला" असं मनाला लावून घेऊ नये. कधी कधी झटका आधी येतो आणि ताप नंतर कळतो.

झुळूक

हे शेवटचं वाक्य मला हवं होतं. मनापासून आभार.

रातराणी

आमच्याकडे ताप उतरत नाही म्हटलं की पॅरासिटामॉल आणि दुसरं एक औषध आलटून पालटून देतात. दुकानातून "जोरदार वालं द्या" म्हटलं की मिळतं. ते चालतं का?

केमिस्ट सांगली

नाही. त्या "जोरदार" औषधांची कुंडली सांगतो. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने सावध केलं, त्याने क्वचित पण गंभीर अ‍ॅलर्जी होऊ शकते. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही. आयब्युप्रोफेन चांगलं औषध आहे, पण सहा महिन्यांच्या पुढे, पोट रिकामं नसताना, आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच.

सर्दी-खोकल्याच्या सिरपचंही सांगतो. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखाली देऊ नये असं २०२३ मध्येच केंद्राच्या औषध नियंत्रकांनी लेबलवर छापायला लावलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला दूषित कफ सिरपने मुलं दगावली, त्यानंतर दोन वर्षांखालच्यांना खोकल्याचं सिरप देऊच नका असं केंद्राने पुन्हा बजावलं. नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब द्या, ते स्वस्तही आहेत.

ओआरएस घेताना पावडरचं पाकीट घ्या, मागे लिहिलंय तितक्याच पाण्यात अख्खं घाला. नावापुढे ओआरएस छापलेली गोड पेयं २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने रोखली, पण कुणाच्या फ्रिजमध्ये जुनं खोकं असेल तर ते आजारी मुलाला नका देऊ.

स्टेथो

पावसाळा आहे म्हणून आणखी एक. डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक दोन्ही नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. फक्त पॅरासिटामॉल.

डेंग्यूत एक फसवी वेळ असते. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे निःश्वास सोडतात, आणि नेमकं तेव्हाच काही मुलांत रक्तवाहिन्यांतलं पाणी झिरपायला लागतं. ताप उतरलाय पण मूल मलूल आहे, पोट दुखतंय, सारखी उलटी, हातपाय थंड, शू कमी, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, तर मध्यरात्र असली तरी निघा. साध्या व्हायरलमध्ये ताप उतरला की मूल टवटवीत होतं. हा फरक आई-वडिलांना डॉक्टरांच्या आधी कळतो.

ताप उतरल्यावर अंगावर बारीक गुलाबी पुरळ येतं, मूल मात्र मजेत असतं, तो बहुधा रोझिओला. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांत नेहमीचा, त्याला औषध लागत नाही. पण पुरळावर काचेचा ग्लास दाबून बघा. दाबल्यावरही डाग जात नसेल आणि ताप असेल तर सरळ रुग्णालय.

श्वासाचंही सांगून टाकतो. मूल शांत असताना किंवा झोपेत सदरा वर करा आणि पोट किती वेळा वर येतं ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते एक वर्षात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर न्यूमोनियाची शक्यता धरून त्याच वेळी दाखवा. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप म्हणजे घरगुती काहीच नाही, औषधही न देता लगेच निघायचं.

रातराणी

दात येताना १०२ ताप येतो ना पण? आमच्याकडे सगळे "दातांचा ताप" म्हणून अंगावर काढतात.

काकू डोंबिवलीच्या

दातांनी लाळ गळते, चिडचिड होते, अंग थोडं कोमट लागतं. १०२ नाही येत. एवढं आम्हा जुन्यांनाही कळतं. कापराची बाटली मात्र आजच वर माळ्यावर ठेवली, डॉक्टर.

पाऊसवेडी

काकू, तुमची पेज हिट झाली, चमच्याने नाही तर सिरिंजने घेतली त्याने! औषध मात्र थुंकतो. उलटी झाली तर परत द्यायचं का? आणि पाळणाघरात कधी पाठवायचं?

केमिस्ट सांगली

सिरिंज जिभेवर नाही, गालाच्या आतल्या बाजूला धरा आणि थोडं थोडं सोडा, गिळू द्या, मग पुढचं. आडवं झोपवून नाक दाबून पाजू नका, ठसका लागतो. १५-२० मिनिटांच्या आत सगळं उलटून पडलं तर एकदाच परत द्या. त्यानंतर उलटी झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा. गाढ झोपलेल्या मुलाला ताप आहे म्हणून औषधासाठी उठवू नका.

स्टेथो

पाळणाघर: औषधाशिवाय पूर्ण चोवीस तास ताप नाही आणि मूल खातंय-खेळतंय, मगच. सकाळी डोस देऊन सोडून यायचं आणि दुपारी तिथल्या ताईंचा फोन, यात बाकीच्या मुलांनाही लागण होते.

तुमच्या मुलाचा ताप तीन दिवसांच्या पुढे गेला तर परत दाखवा. सर्दी-खोकला काही नसताना नुसताच ताप असेल तर डॉक्टर लघवी तपासायला सांगतील. लहान मुलांत, विशेषतः मुलींमध्ये, लघवीचा संसर्ग नुसत्या तापातूनच कळतो. पाच दिवस झाले आणि डोळे, ओठ, जीभ लाल दिसत असतील तर ते आवर्जून सांगा, कावासाकी म्हणून एक आजार आहे, त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्या वाचवायला वेळेवर उपचार लागतात.

रातराणी

एवढ्याशा मुलीची लघवी बाटलीत धरायची कशी? लॅबवाले पिशवी चिकटवायला देतात.

झुळूक

पिशवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात आणि रिपोर्ट खोटा येतो, आम्हाला दवाखान्यात तसं स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही असं केलं: आधी पाणी पाजलं, साध्या पाण्याने समोरून मागे धुऊन पुसलं, डायपर काढून तिला मांडीवर उभं धरलं. ओल्या गार कापसाने ओटीपोटावर हळूहळू गोल चोळत राहिले आणि नवरा निर्जंतुक बाटली उघडून तयार. पहिली धार सोडून द्यायची, मधली धरायची, बाटलीच्या काठाला बोट लागू द्यायचं नाही. तासाभरात लॅबमध्ये पोचवायची, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये. आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी.